गोधड्यांची लाकडी पेटी : घरी कशी करावी

होळी झाली की आपल्या घरांत गोधड्या, दुलया, घोंगड्या आणि पाहुण्यांच्या रजया आवरायचे काम निघते. थंडीभर रोज हाताळलेल्या या वस्तू पुढचे सात-आठ महिने कुठे ठेवायच्या, हा प्रश्न दरवर्षीचा. पूर्वी त्याचे उत्तर घरातली लाकडी पेटी हे होते. मग लोखंडी ट्रंका आल्या, नंतर पलंगाखालचे खण आले आणि आता चेनच्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. पेटी मात्र बहुतेक घरांतून गेली.

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीत आम्ही मंडळींनी ही पेटी पुन्हा करून पाहिली. त्याला कारण एका पावसाळ्याचे नुकसान झाले. जमिनीवर ठेवलेल्या लोखंडी ट्रंकेच्या तळाला आतून घाम सुटला, गंज चढला आणि तळातल्या दोन गोधड्यांना बुरशी लागली. त्यातली एक आजींच्या लग्नातल्या लुगड्याची होती. धुऊन बुरशी गेली, पण गंजाचे डाग गेले नाहीत आणि कुजलेले कापड हातात तुटत राहिले. नवी गोधडी शिवता येते, ते लुगडे परत येत नाही. म्हणून मापे, कृती आणि आमच्या चुका एका जागी लिहून ठेवत आहोत. ज्यांना स्वतः करायची आहे त्यांना कृती उपयोगी पडेल. ज्यांना सुतारकाकांकडून करून घ्यायची आहे त्यांना काय सांगायचे ते कळेल.

पेटी, संदूक, पेटारा

आपल्याकडे लहान ती पेटी, मोठा तो पेटारा, आणि हिंदीच्या शेजाराने संदूक हाही शब्द घरोघरी बोलला जातो. गुजरातेत, विशेषतः सौराष्ट्रात, पितळी पट्ट्यांनी मढवलेला आणि खाली चाके असलेला पटारा नवरीबरोबर सासरी जात असे. तिथे गोधड्यांची चळत रचून ठेवण्यासाठी डामचियो नावाची वेगळी लाकडी घडवंचीही असते. पंजाबात हेच काम मोठा संदूक करतो.

जपानात अंथरूण-पांघरूण आणि कपडे ठेवायच्या लांब पेटीला नागामोची म्हणतात. तिला चाके लावायची पद्धत होती. १६५७ साली एदो शहराला, म्हणजे आजच्या टोकियोला, मोठी आग लागली. लोक आपापल्या चाकांच्या पेट्या ओढत निघाले, त्यांनी रस्ते अडले आणि माणसे अडकली. पुढे १६८३ साली मोठ्या शहरांत चाकांच्या पेट्यांवर बंदी आली. आमच्या पेटीला आम्ही चाके लावलेली नाहीत. कारण वेगळे आहे: भरलेली पेटी शेणाच्या किंवा फरशीच्या जमिनीवर घट्ट बसलेली बरी.

लाकूड कोणते घ्यावे

आपण सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो, तेव्हा पहिले नाव सागाचेच. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही आणि ओलाव्याने ते फारसे वाकत नाही. पण हा गुण गाभ्याचा आहे. खोडाच्या कडेचा पांढरट भाग सागाचाच असला तरी त्याला घुण लागतो आणि खाली पिठासारखा भुसा पडू लागतो. फळी घेताना पांढरी कड असेल तर ती कापून टाकायची, असे धरूनच माप घ्या.

आम्हाला सगळ्यात चांगले लाकूड जुन्या घरांतून मिळाले. मातीचे घर पाडून पक्के बांधताना तुळया, फळ्या, दारे निघतात. हा साग पन्नास-साठ वर्षे वाळलेला असतो, नव्याने आक्रसत नाही आणि भावातही परवडतो. फक्त करवत लावण्याआधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा. जुना रंग असेल तर तो घासताना तोंडाला फडके बांधा आणि मुलांना लांब ठेवा, कारण जुन्या तेलरंगांत शिसे असू शकते.

नवा साग घ्यायचा तर परवानाधारक वखारीतून घ्या, बिल घ्या आणि ते जपून ठेवा. सागाच्या वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागतो, ज्याला सगळे टीपी म्हणतात. शेताच्या बांधावरचा स्वतःचा साग तोडायचा असला तरी आधी वनविभागात विचारा. कुणी रात्री स्वस्तात फळ्या आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. जिल्ह्यातील जंगलतोडीच्या बातम्या आपण सगळे वाचतो, त्यात आपल्या गोधड्यांच्या पेटीची भर नको.

साग परवडत नसेल तर कडुनिंबाचे वाळलेले लाकूड चालते, पण ते वाकते, म्हणून अरुंद फळ्या घ्या. आंब्याचे लाकूड स्वस्त, पण त्याला घुण लवकर लागतो. प्लायवूड वापरायचे तर १९ मिलिमीटरचे, आयएस ३०३ किंवा पाण्याला टिकणारे आयएस ७१० असा शिक्का पाहून घ्या. आठ बाय चारचे एक शीट थोडेसे कमी पडते, दुसरे आणावे लागते. प्लायच्या नव्या पेटीचा उग्र वास जाईपर्यंत, निदान महिनाभर, झाकण उघडे ठेवा.

माप कसे ठरवले

माप आम्ही गोधडीवरून काढले. मोठी गोधडी साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद असते. लांबीत एक घडी घातली की ४२ इंच, रुंदीत तीन घड्या केल्या की २० इंच. म्हणून पेटीची आतली लांबी ४४ इंच आणि रुंदी २१ इंच धरली. अशी घडी केलेली गोधडी सुमारे ३ इंच जाड होते. आतली उंची १८ इंच ठेवली की सहा गोधड्या दाबून न भरता बसतात.

या मापाने पेटी जमिनीपासून जवळजवळ २४ इंच उंच होते. तिच्यावर बसायचेही असेल तर बाजूच्या फळ्या २० ऐवजी १४ इंचांच्या घ्या. मग उंची १८ इंचांवर येते आणि चार गोधड्या मावतात.

कापायची यादी (८ सूत म्हणजे १ इंच, सगळ्या फळ्या रंधून ६ सूत जाडीच्या)

समोरची आणि मागची बाजू : २ नग, ४५ इंच ४ सूत × २० इंच
डावी आणि उजवी बाजू : २ नग, २१ इंच ६ सूत × २० इंच
झाकण : १ नग, ४७ इंच × २३ इंच २ सूत
तळाच्या फळ्या : ८ नग, २० इंच ६ सूत × ५ इंच २ सूत
तळाखालच्या पट्ट्या : २ नग, ४४ इंच लांब, १ इंच × १ इंच
झाकणाच्या आतल्या पट्ट्या : ३ नग, १९ इंच × २ इंच
पेटीखालचे आडवे ठोकळे : २ नग, २२ इंच ४ सूत लांब, अडीच इंच रुंद, ३ इंच उंच

तयार पेटीत सव्वादोन घनफुटांहून थोडे अधिक लाकूड बसते. पण वखारीत एक इंची कच्च्या फळ्या मिळतात, त्या रंधाव्या लागतात आणि कड कापावी लागते. म्हणून पावणेचार घनफूट घ्या. सागाची रिकामी पेटी ४० ते ४५ किलोची होते. कुठे ठेवणार ते आधीच ठरवलेले बरे.

हत्यारे : करवत, रंधा, पटाशी, लाकडी हातोडा, गुण्या, मोजपट्टी, ड्रिल, पेचकस आणि चार तरी लांब शिकंजे. शिकंजे नसतील तर दोरीचा फास आणि लाकडी पाचरी यांनीही फळ्या आवळता येतात.

कृती

१. रुंद पाट जोडणे. २० इंच रुंदीची एकच फळी मिळत नाही, मिळाली तरी ती वाकते. चार-पाच इंची फळ्या कडेला कड लावून जोडा. दोन फळ्या एकमेकींवर उभ्या धरून उजेडाकडे पाहा. मधून उजेड दिसला तर पुन्हा रंधा मारा. साग तेलकट असल्याने डिंक धरायला कुरकुरतो. कड रंधल्यावर त्याच दिवशी थिनरच्या फडक्याने पुसा, सुकू द्या आणि लगेच फेव्हिकॉल लावून आवळा. रात्रभर हलवू नका. चारही बाजूंच्या फळ्यांच्या रेषा आडव्या राहतील असेच पाट करा. म्हणजे हवामानाप्रमाणे चारही बाजू एकसारख्या फुगतील आणि आक्रसतील.

२. खाच पाडणे. समोरच्या आणि मागच्या पाटाच्या दोन्ही टोकांना आतून ६ सूत रुंद आणि ३ सूत खोल खाच पाडा. डाव्या-उजव्या बाजूच्या फळ्या या खाचेत बसतात. ज्यांचा हात बसला आहे किंवा ज्यांच्याकडे सुतारकाका आहेत, त्यांनी इथे डव्हटेलचा सांधा करावा. तो जास्त टिकतो, पण तेव्हा बाजूच्या फळ्यांची लांबी २२ इंच ४ सूत घ्यावी लागते.

३. पेटी उभी करणे. आधी डिंकाशिवाय जुळवून पाहा. दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले तर पेटी काटकोनात आहे. मगच डिंक लावा आणि प्रत्येक कोपऱ्यावर सहा याप्रमाणे दीड इंची पितळी स्क्रू बसवा. आधी बारीक भोक पाडल्याशिवाय स्क्रू घालू नका, सागाची टोके चिरतात. पितळ मऊ असते, म्हणून प्रत्येक भोकात एकदा लोखंडी स्क्रू फिरवून काढा आणि मग पितळी बसवा. नाही तर डोके तुटून आत राहते.

४. तळ. इंची पट्ट्या समोरच्या आणि मागच्या बाजूला आतून, खालच्या कडेशी समपातळीत, डिंक आणि स्क्रूने लावा. तळाच्या आठ फळ्या त्यांच्यावर नुसत्या ठेवायच्या आहेत. दोन फळ्यांमध्ये जवळपास २ सूत फट राहते, ती मुद्दाम आहे. तिच्यातून हवा खेळते, पावसाळ्यात फळ्यांना फुगायला जागा मिळते आणि तळ उचलून झाडता येतो.

५. ठोकळे. दोन्ही आडवे ठोकळे टोकांपासून ३ इंच आत, समोरून मागे असे ठेवा आणि खालून आतल्या इंची पट्ट्यांत स्क्रूने पक्के करा. ठोकळा ३ इंच उंच असल्याने खालून पावणेदोन इंच मोठे भोक पाडून स्क्रूचे डोके आत घ्यावे लागते. या ३ इंचांमुळे खालून झाडू फिरतो, ओल चढत नाही आणि वाळवीचे मातीचे बोगदे चढू लागले तर लगेच दिसतात. पेटी भिंतीपासूनही दोन बोटे लांब ठेवा.

६. झाकण. आमची मोठी चूक इथे झाली. पहिल्या झाकणाच्या आतल्या तीन पट्ट्या आम्ही डिंक लावून आणि स्क्रू आवळून पक्क्या केल्या. काम मार्गशीर्षात झाले, झाकण आरशासारखे सपाट होते. चैत्र-वैशाखात एका दुपारी बंदुकीसारखा आवाज झाला आणि झाकण मधोमध हातभर चिरले. सुतारकाकांनी पाहिले आणि इतकेच म्हणाले, "त्याला हलायला जागा कुठं ठेवलीत, भाऊ?"

कारण साधे आहे. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी असते, श्रावणात तीच हवा ओली होते. एवढ्या फरकाने सागाचे दोन फूट रुंद झाकण एक ते दोन सूत कमी-जास्त होते. आडवी पट्टी तशी हलत नाही. ती डिंकाने चिकटवली की लाकूड स्वतःलाच फाडते. म्हणून पट्टीला डिंक अजिबात लावू नका. मधला स्क्रू घट्ट, दोन्ही टोकांचे स्क्रू मात्र लांबट भोकांत, वॉशर घालून, बेताने आवळलेले ठेवा. दुसरे झाकण असे केले, ते पुढचा उन्हाळा आणि पावसाळा पाहूनही शाबूत आहे.

झाकण मागे पेटीशी समपातळीत आणि बाकी तीन बाजूंना ६ सूत बाहेर राहते. तीन इंची तीन पितळी बिजागऱ्या बसवा.

७. पॉलिश. बाहेरून पॉलिश पेपरने घासून शिजवलेल्या अळशीच्या तेलाचे दोन पातळ हात द्या, दोन हातांत दोन दिवसांचे अंतर ठेवा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अळशीचे तेल वाळताना तापते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवा किंवा अंगणात पसरून वाळवा आणि मग टाका. पेटीच्या आतून तेल, व्हार्निश, रंग काहीही लावू नका. वास कापडात बसतो आणि डाग पडतात. पेटी भरण्याआधी तीन आठवडे झाकण उघडे ठेवा.

मुले आणि पेटी

हा भाग कृपया कुणी गाळू नये. लपंडाव खेळताना मुले पेटीत शिरतात. अमेरिकेत लेन या कंपनीने १९१२ ते १९८७ या काळात केलेल्या लाकडी पेट्यांचे कुलूप झाकण पडताच आपोआप लागत असे आणि ते आतून उघडता येत नसे. मुले आत गुदमरून गेली. १९९६ साली अशा सुमारे एक कोटी वीस लाख पेट्यांची कुलुपे बदलण्याची मोहीम काढावी लागली. पेट्या सुबक होत्या, चूक त्या एका खटक्यात होती.

म्हणून आपल्या पेटीला आपोआप लागणारा खटका नको. कडी-कोयंडाही शक्यतो नको, कारण बाहेरून दुसरे मूल कडी घालू शकते. कडी लावायचीच असेल तर तिला कायम कुलूप ठेवा. डाव्या-उजव्या बाजूला वरच्या अंगाला प्रत्येकी दोन, इंचभर व्यासाची भोके पाडून आतून पितळी जाळी ठोका. नुसत्या साखळीने झाकण मागे पडत नाही, पण पुढे धाडकन आपटू शकते. हळूहळू मिटणारे, कुठेही थांबणारे आधार हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, ते दोन लावा. समोरच्या वरच्या कडेला चार बोटे मावतील अशी उथळ खाच ठेवा, म्हणजे झाकण पडले तरी बोटे चेंगरत नाहीत.

पेटी भरताना

सागाच्या उघड्या लाकडाचा आणि तेलाचा डाग पांढऱ्या कापडावर उतरू शकतो. म्हणून आत धुतलेल्या कोऱ्या सुती कापडाचे अस्तर घाला. ते चिकटवू नका, नुसते अंथरा आणि वरून घडी घाला. बऱ्हाणपूर तर कापडाचेच गाव. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निए याने इथल्या तलम सुती कापडाची आणि ते दूर देशी जात असल्याची नोंद केली आहे. आज यंत्रमागाचे कोरे कापड इथे सहज मिळते.

कोणत्या कापडाला कोण लागते, हेही लक्षात असू द्या. घोंगडी, शाल अशा लोकरीच्या वस्तूंना कसरीच्या अळ्या खातात. सुती गोधडीला त्या सहसा लागत नाहीत, पण खळ राहिलेल्या कापडावर चंदेरी किडा येतो. दोघांनाही मळ, तेल आणि घामाचे डाग आवडतात. म्हणून धुतल्याशिवाय आणि पुरते वाळल्याशिवाय काहीही आत ठेवू नका. घोंगडी वेगळ्या सुती पिशवीत बांधून ठेवा.

डांबरगोळ्यांची सवय बऱ्याच घरांत आहे. बाळाच्या दुपट्यांत आणि बाळाला गुंडाळायच्या गोधड्यांत त्या मुळीच घालू नका. काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी या घटकाची कमतरता असते. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलिनमुळे त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला सुती पुरचुंडीत घालून ठेवायची जुनी रीत निर्धोक आहे. पण तिचा जोर बेताचा असतो, पाला दर वर्षी बदला आणि उन्हाची जागा त्याला देऊ नका.

वर्षाचा क्रम आपल्या घरांत ठरलेलाच आहे, तोच पाळावा. होळीनंतर धुऊन, दोन-तीन तास ऊन देऊन, थंड झाल्यावर पेटीत. पावसाळ्यात उघडीप मिळाली की एखाद-दुसऱ्या वेळी झाकण तासभर उघडे. घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे पांघरूण नदीवर नेऊन धुण्याचा रिवाज होता, तेव्हा पेटी पूर्ण रिकामी करा, तळाच्या फळ्या उचलून झाडा आणि पेटीलाही ऊन दाखवा. परत ठेवताना घडी नेहमीच्याच रेषेवर घालू नका, जुने कापड घडीवरच विरते. जड गोधड्या खाली, जुन्या नाजूक वर.

शेवटची एक गोष्ट

डाग पडलेली ती गोधडी आम्ही टाकली नाही. जेवढे लुगडे धड होते तेवढे कापून त्याचे एक दुपटे शिवले. ते आता पेटीत सगळ्यात वर असते. तेव्हापासून प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यावर आतून कापडाची लहान पट्टी शिवतो. कुणी शिवली, कोणत्या साली, आणि आत कुणाकुणाची लुगडी-धोतरे आहेत, एवढेच तिच्यावर दोऱ्याने लिहितो. हे काम घरातल्या मोठ्या बायकांना विचारूनच होते. ज्यांना आठवते त्या आहेत तोवर ते उरकून घ्यावे.

सभासदांपैकी कुणाकडे जुनी लाकडी पेटी असेल तर तिची लांबी, रुंदी, उंची, कोपऱ्याचा सांधा आणि लाकूड यांची नोंद छायाचित्रासह मंडळाकडे जरूर द्यावी. जमतील तशा नोंदी आम्ही या लेखात जोडत जाऊ.